चेंबरचे सभासद व्हायचंय? आधी काम ठरवा, मग फी भरा

चेंबर ऑफ कॉमर्सचा, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचा, फॉर्म बहुतेक जण कुणाच्या तरी आग्रहाखातर भरतात. वर्षभर काही घडत नाही आणि नूतनीकरणाचं पत्र आलं की ते फायलीत जातं. मूळ घोळ अपेक्षेत असतो. चेंबरमध्ये गेलं की गिऱ्हाईक मिळेल, असं धरून फी भरलेली असते. चेंबर गिऱ्हाईक पुरवत नाही. निर्यातीचा दाखला, सरकारी खात्याकडचा पाठपुरावा आणि अडकलेल्या बिलांबद्दलचं मार्गदर्शन ही तिथली खरी कामं. यातलं एक तरी तुमच्या धंद्यात असेल, तर फी वसूल होते.

आधी संस्था कोणती ते बघा. नावांची गल्लत फार होते. पुण्याचं मराठा चेंबर १९३४ सालचं आणि मुंबईचं महाराष्ट्र चेंबर १९२७ सालचं, वालचंद हिराचंदांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. दोन्ही वेगळ्या संस्था आहेत, तरी एकीचं पत्र दुसरीकडे जातच असतं. गोव्याच्या चेंबरची सुरुवात १९०८ची, पोर्तुगीज अमलातली. याखेरीज औद्योगिक वसाहतींच्या स्वतःच्या संघटना आहेत. नाशिकची निमा, छत्रपती संभाजीनगरची सीएमआयए, कोल्हापूरची गोशिमा ही त्यातली ठळक नावं. वसाहतीतला रस्ता, पाणी, वीज हा तुमचा त्रास असेल तर वसाहतीची संघटना धरा. निर्यात, कर किंवा राज्य पातळीवरचं धोरण असेल तर मोठं चेंबर. पहिल्याच वर्षी दोन्हीकडे पैसे घालण्याची गरज नसते.

फॉर्मसोबत साधारणपणे पॅन, जीएसटी नोंदणी, उद्यम (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र, दुकान असेल तर गुमास्ता (दुकानाची नोंदणी), भागीदारी असेल तर करारपत्र आणि कंपनी असेल तर प्रतिनिधी नेमल्याचा संचालक मंडळाचा ठराव लागतो. बऱ्याच ठिकाणी जुन्या सभासदांपैकी सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या मागतात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहा.

इथं एक बारीक चूक पुढे महागात पडते. जीएसटीवर फर्मचं कायदेशीर नाव वेगळं आणि पाटीवरचं वेगळं असतं. फॉर्मवर पाटीवरचं नाव लिहिलं, की चेंबरच्या नोंदीत तेच जातं आणि दाखला काढायच्या दिवशी इनव्हॉइसशी जुळत नाही. फॉर्मवर कायदेशीर नावच लिहा, पाटीवरचं त्याच्या खाली.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. प्रवेश फी वेगळी आहे का? वर्ष एप्रिल ते मार्च धरतात की भरल्या तारखेपासून? (पहिली पद्धत असेल तर फेब्रुवारीत भरलेली फी महिन्या-दोन महिन्यांत संपते.) आणि मतदानाचा हक्क कधीपासून? पावती मात्र तुमच्या जीएसटी क्रमांकासह कर बीजक म्हणूनच घ्या, नाहीतर इनपुट क्रेडिटचा, म्हणजे भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा, प्रश्न येतो.

निर्यातीचा दाखला

माल कुठल्या देशात तयार झाला हे सांगणारा दाखला, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, दोन प्रकारचा असतो आणि सगळा गोंधळ तिथंच होतो. चेंबर देतं तो साधा, बिगर-सवलतीचा. मुक्त व्यापार करारातली आयातशुल्काची सवलत त्यावर मिळत नाही. उदाहरणार्थ, संयुक्त अरब अमिरातीशी केलेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे. तासगावचा बेदाणा तिकडे सवलतीत उतरवायचा, तर सवलतीचा दाखलाच लागतो आणि तो सरकारनं नेमलेल्या यंत्रणेकडून घ्यावा लागतो. साधा दाखला जोडला तर माल सुटेल, पण खरेदीदाराला पूर्ण शुल्क बसेल आणि ते तो तुमच्या बिलातून कापायला बघेल.

साधा दाखला आता डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) पोर्टलवरून ऑनलाइनच निघतो. आयात-निर्यात क्रमांक, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि डिजिटल सही तयार ठेवा. प्रत्येक चेंबरला हा अधिकार नसतो. पोर्टलवरच्या यादीत तुमच्या चेंबरचं नाव आहे का ते फी भरण्याआधी पाहा. व्यवहार एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) असेल, तर मालाचं वर्णन एलसीशी विसंगत होता कामा नये. शक्यतो तेच शब्द वापरा. एलसीत ‘ड्राइड ग्रेप्स’ आणि दाखल्यावर ‘रेझिन्स’ एवढ्या फरकावरही बँक कागद अडवू शकते.

खात्याकडचं काम

एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. पाच-सात कारखान्यांची एकच तक्रार संघटनेच्या लेटरहेडवर गेली, की ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा उद्योग मित्र समितीपुढे ठेवता येते. वसाहतीत या समितीला ‘झूम’ म्हणतात. कोविडमधल्या ऑनलाइन झूमशी तिचा काही संबंध नाही. विषयपत्रिकेवर विषय यायचा तर पुरावा हवा. ‘वीज सारखी जाते’ या वाक्याला खात्याकडे उत्तर तयार असतं. महिनाभर वीज गेल्याची तारीख, वेळ आणि किती मिनिटं हे लिहून ठेवा. फीडरचं (तुमच्याकडे वीज आणणाऱ्या वाहिनीचं) नाव, ग्राहक क्रमांक आणि आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक जोडा. शेवटी मागणी एकाच ओळीत. बैठकीनंतर इतिवृत्त मागून घ्या. त्यात मुद्दा नोंदला गेला नसेल, तर पुढच्या बैठकीत तो पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. तुमच्या एकट्याचा शेजाऱ्याशी हद्दीचा वाद इथं आणू नका.

थकलेली बिलं

२००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, मासिक चक्रवाढ व्याज. तक्रार याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन करायची. चेंबर वसुली करून देत नाही. पण अर्ज कसा भरायचा आणि कशामुळे फेटाळला जातो, हे तिथल्या समितीतली माणसं सांगतात. नेहमीची कारणं दोन: उद्यम नोंदणी माल पुरवल्यानंतरची असते, किंवा माल पोचल्याची सही-शिक्क्याची पोच नसते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण या व्याजाच्या तरतुदीचा लाभ मिळत नाही. दुकानदारांनी या एका कारणासाठी चेंबरमध्ये जाऊ नये.

चेंबरच्या कामकाज समित्यांपैकी एकच निवडा आणि तिच्या बैठकांना मालकानं स्वतः जावं. कारकुनाला पाठवलं तर चहा मिळतो, ओळख होत नाही.

अकराव्या महिन्यात हिशेब काढा: किती दाखले काढले, किती पत्रं गेली, कोणतं काम मार्गी लागलं. हिशेबात काहीच नसेल तर नूतनीकरण करू नका, पण तसं लेखी कळवा आणि लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, संकेतस्थळ या सगळ्यांवरून चेंबरचं चिन्ह काढून टाका.