दुबईची ऑफर आलीय? २३ ने गुणायच्या आधी हे वाचा (खास सोलापूरकरांसाठी)

दर महिन्याला सोलापूरहून कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. ताई ऑफर आलीय, ७ हजार दिरहम म्हणतायत, घेऊ का? आणि त्याच मेसेजमध्ये गुणाकार करून ठेवलेला असतो, ७ हजार गुणिले २३ (दिरहमचे रुपये करायला), म्हणजे १ लाख ६१ हजार, वर टॅक्स नाही. घरात सांगून झालेलं असतं, मामाला सांगून झालेलं असतं, पुण्यातल्या मॅनेजरला राजीनाम्याचा अंदाज पण देऊन झालेला असतो. मी इथं दुबईत एका कंपनीत पेरोल बघते, ऑफर लेटर, रजा, ग्रॅच्युइटी हेच दिवसभर हातात असतं, त्यामुळे तेच तेच प्रत्येकाला तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट पगार नाहीच. आधी हे ठरवा की तुम्ही एकटे येणार की बायको-पोरं घेऊन येणार. एकच ऑफर एकट्याला चांगली आणि फॅमिलीला तोट्याची असू शकते, आणि हे न ठरवताच लोक मला "७ हजार चांगले का" असं विचारतात, त्याला उत्तरच नाही.

एकट्याचं बघू. बेडस्पेस म्हणजे एका खोलीत तीन-चार जण, दुबईतल्या करामा किंवा देरा साइडला साधारण १,२०० धरा, जागा बघून कमी-जास्त. खाणं ८००, थोडं घरी शिजवलं तर. मेट्रो-बसचा सगळ्या झोनचा महिन्याचा पास ३५०. मोबाइल, लाँड्री, कधी बाहेर खाणं ५००. झाले २,८५०. उरले ४,१५०, म्हणजे ९५ हजार रुपये घरी पाठवता येतात. घराचं कर्ज फेडायचंय, बहिणीचं लग्न आहे, दोन-तीन वर्षं दणकून काम करायची तयारी आहे, अशा पोरानं ही ऑफर घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हेच ७ हजार आणि सोबत बायको आणि पहिलीतला एक मुलगा. दुबईत वन बीएचके परवडणार नाही म्हणून शेजारच्या शारजात घेतलं, ३,००० महिना. लाइट-पाणी-इंटरनेट ८००, उन्हाळ्यात एसीमुळे अजून वाढतं. किराणा-दूध-भाजी १,६००. शाळा आणि स्कूल बस मिळून १,३००, ते पण स्वस्तातली इंडियन शाळा धरून. ऑफिसला जाणं-येणं ७००, मोबाइल आणि किरकोळ ५००. बेरीज करा, ७,९०० होते. म्हणजे महिन्याला ९०० दिरहम खिशातून, आणि यात फॅमिली व्हिसा, बायको-मुलाचा इन्शुरन्स, वर्षाला एकदा गावी यायची तिकिटं काहीच धरलेलं नाही. शारजाहून दुबईला सकाळी अल इत्तिहाद रोडनं जायला एक-दीड तास सहज जातो, तेवढाच परत येताना. मुलगा झोपायच्या वेळेला बाप घरी पोचतो. मग आपण कशासाठी आलो हा प्रश्न बायको विचारते आणि तो बरोबर असतो.

सरकारी नियमानं बघाल तर फॅमिली व्हिसा ४ हजार पगारावर पण मिळतो, किंवा ३ हजार आणि कंपनीची राहायची जागा असेल तरी. पण व्हिसा मिळणं वेगळं आणि घर चालणं वेगळं. माझ्या अंदाजानं एक मूल असेल तर शारजात राहून ११-१२ हजार आणि दुबईतच राहायचं तर १४-१५ हजार असल्याशिवाय फॅमिली आणू नका, तेव्हा कुठं महिन्याला काहीतरी शिल्लक पडायला लागते.

आणि बायको सोलापुरात किंवा पुण्यात नोकरी करत असेल तर तिचा पगार हिशोबात धरा ना! हे कुणीच धरत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर बायकोला इथं काम करता येतं, कंपनीला फक्त तिचं वर्क परमिट काढावं लागतं, पण नोकरी आल्या आल्या मिळेलच असं नाही. तोपर्यंत तिचे ४०-५० हजार बंद, हे तुमच्या ऑफरमधून वजा करा आणि मग सांगा किती वाढ मिळाली.

आता ऑफर लेटर उघडा. त्यात बेसिक म्हणजे मूळ पगार किती लिहिलाय ते बघा, माझ्या कामातला सगळ्यात मोठा वाद इथंच असतो. इथं पीएफ नाही, त्याऐवजी नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार आणि त्यापुढच्या दर वर्षाला ३० दिवसांचा, निदान एक वर्ष पूर्ण झालेलं पाहिजे. पण ती शेवटच्या बेसिकवर काढतात, एकूण पगारावर नाही. समजा दोघांचा पगार ८ हजारच आहे, एकाचं बेसिक ३ हजार आणि बाकी अलाउन्स, दुसऱ्याचं बेसिक ५ हजार. पाच वर्षांनी पहिल्याला १०,५०० मिळणार आणि दुसऱ्याला १७,५००. सात हजार दिरहमचा फरक, म्हणजे दीड लाखाच्या वर रुपये, फक्त एका ओळीमुळे. न घेतलेल्या रजेचे पैसे पण बेसिकवरच. त्यामुळे एचआरला सांगा की एकूण तेवढाच ठेवा पण बेसिक निम्म्याच्या वर पाहिजे. जॉइन व्हायच्या आधी मागितलं तर बऱ्याचदा देतात, नंतर कुणी ऐकत नाही.

तसंच वर्षातून एकदा गावी यायचं तिकीट, मुलांच्या शाळेची मदत आणि फॅमिलीचा इन्शुरन्स. तुमचा स्वतःचा इन्शुरन्स कंपनीला काढावाच लागतो, बायको-मुलांचा मात्र तुमच्यावर असतो. कुणी तोंडी "हो हो, बघू आपण" म्हणालं तर ते नाही असंच समजा. कागदावर येऊ द्या.

शाळेचं थोडं जास्त लिहिते कारण यातच लोकांचं बजेट कोलमडतंय. सीबीएसईच्या शाळा आहेत, भरपूर आहेत, सत्र पण आपल्यासारखं एप्रिलला सुरू होतं. स्वस्तातल्या शाळा वर्षाला ८-१० हजार दिरहमपासून, मधल्या २०-३० हजारापर्यंत जातात, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या तर त्याहून कितीतरी वर. स्वस्त शाळेत सीट मिळणं हाच खरा त्रास, वेटिंग असतं. म्हणून फॅमिली फेब्रुवारीत आणून एप्रिलला ॲडमिशन असं मनात ठरवू नका, आधी शाळेकडून सीटचं लेखी घ्या आणि मग सोलापूरच्या शाळेतून दाखला काढा. तो दाखला पण अटेस्ट करून, म्हणजे खरा असल्याचे सरकारी शिक्के घेऊन लागतो.

घराचं दुसरं एक गणित आहे जे पहिल्या महिन्यात दम काढतं. इथं भाडं वर्षाचं ठरतं आणि चेकनं द्यायचं असतं, एक, दोन, चार, सहा असे चेक. वर्षाला ६० हजाराचं घर चार चेकमध्ये घेतलं तर पहिला चेक १५ हजार, डिपॉझिट ५ टक्के म्हणजे ३ हजार, एजंटचे साधारण तेवढेच ३ हजार, लाइट-पाण्याच्या कनेक्शनला २ हजार डिपॉझिट, वर कराराची नोंदणी. चावी हातात यायच्या आधी २३ हजार गेले, आपले सव्वापाच लाख! फर्निचर वेगळं. शिवाय दुबईत भाड्याच्या ५ टक्के म्युनिसिपालिटीची फी असते, ती दर महिन्याच्या लाइट बिलातून कापतात, या घराला महिना २५० पडेल. जाहिरातीत "चिलर फ्री" लिहिलंय का ते जरूर बघा, नसेल तर एसीच्या थंड पाण्याचं बिल वेगळं येतं आणि जून ते सप्टेंबर ते चांगलंच लागतं. नवीन माणसाकडं चेकबुक पण नसतं कारण बँकेला आधी एमिरेट्स आयडी (इथलं ओळखपत्र) लागतो. म्हणून कंपनी पहिला एक महिना राहायची जागा देते का, किंवा भाड्यासाठी उचल देते का, हे विचारून घ्या. देत नसेल तर पहिले सहा महिने एकटेच या, पैसे जमवा, शाळा बघा, मग फॅमिली. माझ्या डोळ्यासमोर ज्यांचं नीट बसलंय त्यातल्या बहुतेकांनी असंच केलंय.

भारतातलं काय सुटतंय ते पण लिहून काढा. पुण्यातली कंपनी पीएफ भरते, ते बंद होणार. त्याहून मोठं म्हणजे आईवडलांचा मेडिक्लेम. बऱ्याच कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील असतात, राजीनामा दिला की ते कव्हर संपतं, आणि शुगर-बीपी असलेल्या माणसाला नवीन पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. राजीनाम्याच्या आधी त्यांची वेगळी पॉलिसी काढा, त्याचा हप्ता दुबईच्या खर्चात धरा. होटगी रोडला आईबाप एकटे आणि रात्री छातीत दुखायला लागलं तर पैशाची सोय तरी तयार पाहिजे.

टॅक्सचं एक बारीक पण महत्त्वाचं. नोकरीसाठी देश सोडताना त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर तुम्ही एनआरआय, आणि दुबईच्या पगारावर भारतात टॅक्स नाही. म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निघालात तर ठीक. दिवाळी करून निघतो म्हणालात तर त्या वर्षी तुम्ही रेसिडेंट, मार्चपर्यंतचा दुबईचा पगार पण भारतात दाखवावा लागतो. जॉइनिंग डेट ठरवताना सीएला एकदा विचारा. निघाल्यावर बँकेत सांगून साधं खातं एनआरओ (एनआरआयचं भारतातल्या पैशासाठीचं खातं) करा आणि एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं) उघडा, एनआरईच्या व्याजावर टॅक्स नसतो.

दिरहम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ ला एक डॉलर, त्यामुळे रुपया पडला की आपल्याला जास्त मिळतात. २०१४ च्या सुमाराला दिरहम १६-१७ रुपये होता, २०२५ मध्ये २३-२४ च्या घरात गेला. पण हा फायदा फक्त जे घरी पाठवता त्याला आहे. जे इथंच खर्च होतंय ते २३ ने गुणून उपयोग नाही, भाडं पण दिरहममध्येच आणि कोथिंबिरीची जुडी पण दिरहममध्येच.

एजंट. यावर मला राग येतो म्हणून सरळ लिहिते. इथल्या कायद्यानं व्हिसा आणि भरतीचा खर्च कंपनीनं करायचा असतो, तुमच्याकडून घेता येत नाही. भारतातला नोंदणी असलेला एजंट जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी घेऊ शकतो, त्याचं नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेटच्या साइटवर तपासता येतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या पोराकडून दीड-दोन लाख मागतात, घरचे दागिने गहाण पडतात, आणि पाठवतात व्हिजिट व्हिसावर. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे, पगार बुडवला तर दाद मागायला कागद पण नसतो. खऱ्या नोकरीत आधी इथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर येतं, त्यावर नंबर असतो, तो मंत्रालयाच्या साइटवर टाकून बघता येतो, त्यावर तुमची सही होते आणि मग एंट्री परमिट निघतं. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (नोकरीला परदेशी जाताना सरकारची परवानगी लागते असा शेरा) असतं, त्यांनी तर ई-मायग्रेटशिवाय निघूच नये.

राहणीमान चांगलं आहे, हे मनापासून सांगते. आज पाण्याचा दिवस आहे का हे बघून कामं लावायची सवय सुटते, नळाला चोवीस तास पाणी. रात्री अकराला मी एकटी मेट्रोनं घरी येते, मनात धाकधूक नसते. ऊन आपल्याला नवीन नाही पण सोलापूरचं कोरडं ४३ आणि इथलं दमट ४३ यात फार फरक आहे, चष्मा बाहेर पडताच धुरकटतो आणि जून ते सप्टेंबर मुलं संध्याकाळी पण बाहेर खेळत नाहीत. ज्वारीचं पीठ करामा, बर दुबईच्या दुकानात मिळतं, शेंगाचटणी मात्र गावाकडूनच आणावी लागते. दिवाळीला सुट्टी नाही, गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) यायचं म्हणलं तर रजा टाकूनच. रजा वर्षाला ३० दिवस मिळते पण ते कॅलेंडरचे दिवस, सुट्टीचे वार त्यातच मोजतात. सोलापूरकरांनी एक बघावं, पुण्याहून थेट विमान आहेच पण हैदराबाद आपल्याला तीनशे किलोमीटर आणि तिथून दुबईच्या फ्लाइट जास्त, बऱ्याचदा तिकीट स्वस्त पडतं.

हिशोब जमला आणि हो म्हणणार असाल तर कागदं आजच सुरू करा. डिग्रीचं अटेस्टेशन, आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, यात आठवडे जातात. मॅरेज सर्टिफिकेट खूप जणांकडं नसतंच, लग्नाची पत्रिका आणि अल्बम असतो, त्यावर बायकोचा व्हिसा निघत नाही, महापालिकेत नोंदणी करून घ्या. मुलाच्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते अक्षर अक्षर जुळवा.

बॅग भरताना आईला सांगा, खसखस अजिबात नको. इथं खसखशीवर बंदी आहे, सापडली तर अमली पदार्थाची केस होते. नुसती पुडीच नाही, घरच्या काळ्या मसाल्यात असते, अनारशांवर असते, कधी लाडवात असते. मसाला करताना खसखस न घालता वेगळा करून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या गोळ्या यांनाही आधी परवानगी लागते, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. आणि निघायच्या आदल्या दिवशी शेजारचं कुणी "आमच्या पोराला एवढं द्या" म्हणून बांधलेलं पार्सल आणून दिलं तर त्यांच्यासमोर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका, राग आला तरी चालेल.