घरातलाच फोन वाय-फायला लागेना, तर राउटरमध्ये काय तपासायचं

आईचा फोन दोन दिवस वाय-फायला लागत नव्हता आणि ती मला सांगत नव्हती. तिला वाटत होतं, तिच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. मावशीशी रोज संध्याकाळी होणारा तिचा व्हिडिओ कॉल झालाच नाही, तेव्हा मी विचारलं. फोन हातात घेऊन पाहिलं तर पासवर्ड बरोबर, सिग्नल पूर्ण, आणि तरीही 'कनेक्ट होत आहे' एवढं दाखवून तो परत मागे यायचा. माझा लॅपटॉप त्याच खोलीत व्यवस्थित चालत होता.

कारण मीच होते. दोन दिवसांपूर्वी राउटरच्या यादीत मला एक बिननावाचं उपकरण दिसलं होतं. कोणीतरी बाहेरचं आपल्या वाय-फायवर आलंय असं समजून मी ते ब्लॉक केलं. तो आईचा फोन होता.

तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच घरांतले राउटर मी उघडून पाहिले आहेत, आणि बहुतेक वेळा गोष्ट अशीच निघते: अडलेला फोन घरातलाच असतो आणि अडवणारी सेटिंगही घरातल्याच कोणीतरी कधीतरी केलेली असते. म्हणून रिसेटचं बटण दाबायच्या आधी हे वाचा. राउटर दुसऱ्या कोणाचा असेल आणि त्याने तुम्हाला ब्लॉक केलं असेल, तर मात्र त्यालाच विचारा. खालचं सगळं स्वतःच्या राउटरसाठी आहे.

कुठे अडलंय ते आधी ओळखा

घरातलं दुसरं एखादं उपकरण त्याच वाय-फायवर चालतंय का? काहीच चालत नसेल तर बहुधा कोणी ब्लॉक झालेलं नाही, बाहेरून येणारी लाइनच बंद असण्याची शक्यता जास्त. राउटर एकदा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, तरी नाही आलं तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कळवा आणि सेटिंग्जना हात लावू नका. बाकी सगळं चालतंय आणि एकच फोन अडतोय, तर तो फोन दुसऱ्या कोणाच्या हॉटस्पॉटवर लावून पाहा. तिथे चालला तर फोन ठीक आहे, आपल्या राउटरकडे बघायचं.

आता तो नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो ते शांतपणे पाहा. जोडलाच जात नसेल तर पासवर्ड, मॅक फिल्टर (कोणत्या उपकरणाला आत घ्यायचं, कोणाला नाही याची राउटरमधली यादी) किंवा सुरक्षेचा प्रकार यांपैकी काहीतरी आहे. 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' इथेच घुटमळत असेल तर राउटरकडे वाटायला पत्ते (प्रत्येक उपकरणाला तो देतो ते आयपी क्रमांक) उरलेले नाहीत, किंवा इथेही मॅक फिल्टर असू शकतो. आणि 'जोडलंय, पण इंटरनेट नाही' असं येत असेल तर पेरेंटल कंट्रोल (मुलांच्या वापरावर घातलेली बंधनं) किंवा वेळापत्रक. एवढं ओळखलं की निम्मं काम झालं, कारण राउटरच्या पानांवर पन्नास सेटिंग्ज असतात आणि त्यातल्या दोन-तीनच आपल्याला बघायच्या असतात.

राउटरच्या पानावर जाणं

जे उपकरण चालतंय त्यावरून जा. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी राउटरचा आयपी टाकायचा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो (टाइप करताना इंग्रजी आकडे). अंदाज करायची गरज नाही: आयफोनमध्ये वाय-फायच्या नावापुढच्या 'आय' चिन्हावर टॅप केलं की 'राउटर' या ओळीत तो लिहिलेला असतो, अँड्रॉइडमध्ये नेटवर्कच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून सापडतो. फोनवरून जाताना मोबाइल डेटा आणि व्हीपीएन (इंटरनेट दुसरीकडून वळवणारं ॲप) दोन्ही बंद ठेवा, नाहीतर पान उघडतच नाही आणि माणूस उगाच पत्त्यावर शंका घेत बसतो. 'हे पान सुरक्षित नाही' असा इशारा येऊ शकतो. पत्ता आपल्याच राउटरचा आहे याची खात्री असेल तर पुढे जायला हरकत नाही.

इथे लागणारा पासवर्ड वाय-फायचा नव्हे, ॲडमिनचा, म्हणजे राउटरच्या सेटिंग्ज उघडायचा. तो कोणी बदलला नसेल तर राउटरच्या खालच्या किंवा मागच्या लेबलवर असतो. काही कंपन्यांचे राउटर ॲपवरून चालतात, तिथेही हीच नावं थोड्या फरकाने दिसतील.

मॅक फिल्टर

मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हे आहे, म्हणून यावर थोडं थांबते.

वाय-फायला लागणाऱ्या प्रत्येक उपकरणाला एक मॅक ॲड्रेस असतो: बारा अक्षरं, दोन-दोनच्या सहा जोड्या, त्यात ० ते ९ आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. राउटर ब्लॉक करतो तो या पत्त्याला. त्याला फोन कोणाचा, हे कळत नाही. हे पान 'मॅक फिल्टरिंग', 'ॲक्सेस कंट्रोल', 'ब्लॅकलिस्ट' किंवा 'ब्लॉक्ड डिव्हाइसेस' अशा नावाने वायरलेस किंवा सिक्युरिटीच्या मेनूत असतं.

पूर्वी हा पत्ता फोनचा कायमचा असायचा. आता तसं राहिलेलं नाही. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा पत्ता न देता एक बनवलेला पत्ता देतात. बाहेर कोणी आपला माग काढू नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगली आहे. पण घरी तिच्यामुळे दोन घोटाळे होतात. पहिला आमच्याकडे झाला तो: यादीत फोनचं नाव-कंपनी कित्येकदा दिसत नाही, नुसते आकडे दिसतात, आणि आपण घरच्याच माणसाला बाहेर काढतो. दुसरा उलटा: ज्यांनी 'फक्त यादीतल्यांनाच प्रवेश' असं ठेवलंय, त्यांच्या घरात फोनने पत्ता बदलला की तोच जुना फोन अनोळखी ठरतो.

बनवलेला पत्ता ओळखायची एक सोपी खूण आहे. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर पाहा. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नसून बनवलेला आहे. मी ब्लॉक केलेला पत्ता 'डी६' ने सुरू होत होता. ही खूण मला तेव्हा माहीत असती तर तो एखादा नवा फोन असणार हे लगेच लक्षात आलं असतं, आणि मी आधी घरात विचारलं असतं.

आता करायचं काय: अडलेल्या फोनमध्ये वाय-फायच्या तपशिलात जाऊन त्या नेटवर्कसाठी दिसणारा मॅक ॲड्रेस कागदावर उतरवून घ्या. 'अबाउट फोन'मधला घेऊ नका, तिथे बहुधा खरा पत्ता असतो आणि तो राउटरच्या यादीत सापडणारच नाही. मग ब्लॉकच्या यादीतल्या प्रत्येक ओळीशी जोडी-जोडी करून ताडून पाहा. ८ आणि बी, ० आणि डी यांची गल्लत सहज होते. सापडला की तो काढा, सेव्ह किंवा अप्लाय दाबा. काही राउटरांमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या (वाय-फायच्या दोन लहरींच्या) याद्या वेगळ्या असतात, दोन्ही बघा. शेवटी फोनचं वाय-फाय बंद करून परत चालू करा, कारण बऱ्याचदा नकार मिळून मिळून फोनने स्वतःहून प्रयत्न सोडलेला असतो. आईचा फोन एवढ्यावरच लागला.

नंतर घरच्या नेटवर्कपुरता पत्ता स्थिर करून टाका. आयफोनमध्ये 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' आहे, २०२४ च्या आयओएस १८ पासून त्यात 'ऑफ', 'फिक्स्ड' आणि 'रोटेटिंग' असे पर्याय आहेत. रोटेटिंगमध्ये पत्ता साधारण दोन आठवड्यांनी बदलतो. घरासाठी फिक्स्ड निवडा. अँड्रॉइडमध्ये नेटवर्कच्या 'प्रायव्हसी'त फोनचा खरा मॅक वापरायचा पर्याय असतो. घरापुरतं ते चालतं, बाहेरच्या वाय-फायला नको.

एक धोक्याची जागा सांगून ठेवते. फिल्टरमध्ये 'डिनाय' आणि 'अलाउ' असे दोन प्रकार असतात. 'डिनाय'मध्ये यादीतले बाहेर, बाकी सगळे आत. 'अलाउ'मध्ये यादीतलेच आत. नुसतं बघता बघता 'अलाउ' निवडून रिकामी यादी सेव्ह केली, तर त्या क्षणी घरातलं सगळंच तुटतं, तुमचं उपकरणसुद्धा. असं झालं तर घाबरू नका. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. हा फिल्टर बहुतेक राउटरांमध्ये फक्त वायरलेसला लागू असतो, केबलवरून पान उघडतं आणि चूक मागे घेता येते. माझं मत विचाराल तर घरात 'अलाउ' यादी ठेवूच नका. मॅक ॲड्रेसची नक्कल करता येते, त्यामुळे खऱ्या घुसखोराला ती थांबवत नाही आणि घरच्यांना मात्र दर महिन्याला त्रास देते.

ठरावीक वेळेलाच बंद पडत असेल

फोन जोडलेला दिसतो, इंटरनेट मात्र नाही, आणि तेही रोज साधारण एकाच वेळी. मग पेरेंटल कंट्रोल किंवा 'ॲक्सेस शेड्यूल' उघडा. मुलांच्या परीक्षेच्या वेळी लावलेलं वेळापत्रक नंतर कोणाच्याच लक्षात राहत नाही. किंवा मुलाचा जुना फोन आता आजोबांकडे आलेला असतो आणि त्याच्याबरोबर रात्री नऊची बंदीही आलेली असते.

वेळापत्रक बरोबर आहे तरी भलत्या वेळी बंद होत असेल, तर 'सिस्टिम टाइम'च्या पानावर राउटरचं घड्याळ पाहा. बऱ्याच घरगुती राउटरांमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज जाऊन आली की ते एखाद्या जुन्या तारखेपासून, कित्येकदा १ जानेवारी १९७० पासून, सुरू होतं आणि इंटरनेटवरून वेळ मिळाली की मगच जाग्यावर येतं. टाइम झोन चुकीचा असेल तर वेळ कायमच काही तासांनी सरकलेली राहते आणि रात्रीची बंदी दिवसा लागू होते. टाइम झोन दुरुस्त करा, वेळ आपोआप घ्यायचा पर्याय चालू करा.

पत्ते संपले असतील

राउटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी ॲड्रेस देतो, हे काम 'डीएचसीपी'चं. त्याच्या पानावर सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता लिहिलेला असतो. समजा पत्त्याच्या शेवटच्या आकड्याला १०० ते १०९ एवढीच मर्यादा असेल, तर अकराव्या उपकरणाला काही मिळत नाही. टीव्ही, कॅमेरा, पाहुण्यांचे फोन धरले तर दहा कधी होतात कळत नाही, आणि मॅक ॲड्रेस बदलणारा फोन प्रत्येक वेळी नवी जागा अडवतो. शेवट १९९ पर्यंत वाढवा, राउटर एकदा बंद-चालू करा. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आलेला दिसला, तर राउटरकडून उत्तर न मिळाल्यामुळे त्याने तो स्वतःच घेतलाय असं समजा.

फक्त जुनीच उपकरणं अडत असतील तर सुरक्षेचा प्रकार बघा. नुसतं 'डब्ल्यूपीए३' (वाय-फाय सुरक्षेचा नवा प्रकार) ठेवलं असेल तर जुन्या फोनला ते येत नाही. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय निवडा. सुरक्षाच काढून नेटवर्क उघडं टाकणं हा उपाय नव्हे.

रिसेट सगळ्यात शेवटी

पिनेने दाबायचं ते छोटं बटण काही सेकंद धरलं की ब्लॉकची यादी जाते हे खरं. पण त्याबरोबर कंपनीच्या माणसाने भरून दिलेलं 'पीपीपीओई'चं (इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं) नाव, पासवर्ड, कधी 'व्हीलॅन'चा (कंपनीने जोडणीसाठी दिलेला) क्रमांक हेही जातं, आणि मग एका फोनऐवजी अख्खं घर बंद पडतं. रिसेट करावाच लागला तर आधी 'वॅन' (बाहेरून येणारी जोडणी) किंवा 'इंटरनेट'च्या पानाचे फोटो काढा आणि 'बॅकअप'मधून सेटिंग्जची फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या. 'वॅन'च्या पानावर पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, तो कंपनीकडून आधीच मागून ठेवा.

आणि यादीत खरोखर कोणी बाहेरचं निघालं तर? ब्लॉक करून भागत नाही, ते पत्ता बदलून परत येतं. वाय-फायचा पासवर्ड बदला, 'डब्ल्यूपीएस' (पासवर्डशिवाय बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. मग घरातल्या प्रत्येक उपकरणावर जुनं नेटवर्क 'फर्गेट' करून नवा पासवर्ड टाका. पण बाहेरचं आहे हे ठरवण्याआधी एक-एक उपकरण बंद करून कोणती ओळ यादीतून नाहीशी होते ते बघा. थोडा वेळ लागतो, काही राउटर गेलेलं उपकरणही मिनिट-दोन मिनिटं दाखवत राहतात.

असं बघत बघत मी आमच्या घरातल्या अकरा उपकरणांना राउटरमध्ये नावं दिली आणि तीच एका वहीत उतरवली: उपकरण, पत्ता, तारीख. 'डी६' च्या ओळीपुढे आईने स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहिलंय.