साथीत शाळा उघडायची तर आधी लहानांसाठी उघडा: गावातल्या शाळेची कामं एकेक करून

हे मुख्यतः झेडपीच्या छोट्या शाळांसाठी लिहितोय, दोन-तीन वर्गखोल्या, एक व्हरांडा, एक किचन शेड अशा. परत कधी कोविडसारखी साथ आली आणि शाळा बंद राहून मग उघडायची वेळ आली तर काय कुठल्या क्रमाने करायचं ते एका जागी असावं म्हणून.

आधी आपल्या महाराष्ट्रात मागच्या वेळी शाळा उघडल्या तो क्रम आठवा. नववी ते बारावी 23 नोव्हेंबर 2020 ला, पाचवी ते आठवी 27 जानेवारी 2021 ला, मग दुसरी लाट, मग जुलै 2021 मधे कोविडमुक्त (महिनाभर एकही रुग्ण न सापडलेल्या) गावांत आठवी ते बारावी, 4 ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढे, आणि पहिली ते चौथीचा नंबर लागला थेट 1 डिसेंबर 2021 ला, तेही महिनाभर चालून जानेवारीत परत बंद आणि 24 जानेवारीपासून परत चालू. म्हणजे जून 2020 ला ज्या पोरीचं नाव पहिलीत घातलं ती वर्गात पहिल्यांदा बसली तेव्हा दुसरी अर्धी संपली होती, आणि जून 2022 ला ती तिसरीत! आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी जुलै 2021 मधेच सांगितलं होतं की उघडायच्या तर प्राथमिक शाळा आधी उघडणं शहाणपणाचं ठरेल, फक्त शिक्षक आणि बाकी स्टाफचं लसीकरण झालेलं हवं. माझंही ठाम मत तेच आहे. दहावीचं पोरगं फोनवर थोडंफार तरी शिकतं, सहा वर्षांचं लेकरू अक्षर ओळखायला फोनवर शिकत नाही, त्याला शेजारी बसून बोट धरून गिरवून घ्यावं लागतं. तेव्हा गावाच्या बैठकीत तुम्हाला बोलायची संधी मिळाली तर हे बोला, वरून आदेश येईपर्यंत लहानांची बाजू कुणी मांडत नाही. एवढं मात्र बघा की आजार कुठला आहे, लहान मुलांनाच जास्त धरणारी साथ असेल तर हा हिशोब बदलतो आणि तेव्हा आपल्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांचं ऐकायचं.

आता कामं. उघडायच्या निदान पंधरा दिवस आधी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, त्यामुळे गावातली भीती काय आहे ते तिथेच कळतं. सरपंच, ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), आशा ताई, अंगणवाडी ताई यांनाही बोलवा. संमतीपत्राचा, म्हणजे पोराला शाळेत पाठवतो असं पालकांनी लेखी देण्याचा, विषय याच बैठकीत काढायचा, कारण बऱ्याच पालकांना वाटतं की सही केली म्हणजे उद्या काही झालं तर शाळा हात वर करणार. त्यांना स्पष्ट सांगा की नाही पाठवलं तरी पोराचं नाव कमी होणार नाही, आणि ताप-खोकला असेल तर घरीच ठेवा, हजेरीसाठी कुणी ओरडणार नाही. ही दुसरी गोष्ट तर दर आठवड्याला सांगा, कारण हजेरीच्या धाकाने आजारी पोर शाळेत आलं तर बाकीची सगळी खबरदारी वाया जाते.

मग इमारत. बंद शाळेत काय काय असतं ते गावाकडच्यांना माहितीये, अडगळीत साप-विंचू, छताला आग्या मोहोळ, वीजबिल थकलं म्हणून कापलेली लाइन. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून घासून घ्या, नळ थोडा वेळ सोडून ठेवा. संडास-मुतारीचं पाणी आणि दरवाज्याच्या कड्या बघा, मोठ्या मुलींसाठी हे मास्कपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. पैसे कुठून आणायचे तर शाळा अनुदान तुटपुंजं असतं, पण ग्रामपंचायतीकडे पंधराव्या वित्त आयोगातून पाणी-स्वच्छतेसाठी बांधून दिलेला निधी होता, त्यातून हात धुवायचे नळ, टाकी, संडास अशी कामं बसवता येत होती. तेव्हा त्या वेळी जो निधी असेल तो ग्रामसेवकाला विचाराच.

शाळा विलगीकरणासाठी वापरली असेल (मागच्या वेळी गावोगाव झाली होती) तर फरशी-बाकं पुसायला ब्लीचिंग पावडरचं पाणी करा, एक लिटर पाण्यात साधारण 30 ग्रॅम, रोज ताजं, हातात ग्लोव्हज घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून. ते संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमधे कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि पोरांच्या अंगावर फवारणी, गेटवर सॅनिटायझरचा बोगदा असलं काही करू नका, केंद्राच्या आरोग्य खात्याने एप्रिल 2020 मधेच माणसांवर फवारणी करू नका म्हणून सांगितलं होतं, डोळ्यांना आणि कातडीला त्रास होतो आणि उपयोग काहीच नाही.

सगळ्यात जास्त मेहनत हवेवर घ्या. कोविड हवेतून पसरायचा, आणि आपण बाकं पुसण्यात दिवस घालवत होतो. थर्मल गन कपाळावर धरून फोटो काढले जायचे पण ताप नसलेलं पोरही आजार पसरवू शकतं हे कुणी ध्यानात घेत नव्हतं. वर्गाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना काहीतरी उघडं पाहिजे, खिडकी-खिडकी किंवा खिडकी-दार. गंजून बसलेल्या खिडक्या आधी सोडवून घ्या, फळ्याच्या मागे किंवा कपाटाच्या मागे झाकलेली खिडकी असेल तर कपाट हलवा. मग वर्गाच्या मधोमध उदबत्ती लावून बघा, धूर एका बाजूला ओढला जातोय का नुसता डोक्यावर घुटमळतोय. घुटमळत असेल तर खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून लावा म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाईल. आणि आपल्याकडे पावसाळा सोडला तर सगळ्यात भारी वर्ग म्हणजे अंगणातलं झाड. लिंबाखाली, वडाखाली वर्ग भरवा, फळा भिंतीला टेकवा. परिपाठ, पाढे, कविता म्हणणं हे तर बाहेरच, कारण मोठ्याने म्हणताना तोंडातून जास्त कण उडतात.

कोविडमुक्त गावांसाठीच्या नियमात एका बाकावर एक मूल, दोन बाकांत 6 फूट आणि वर्गात 15-20 मुलं असं होतं. पट जास्त असेल तर आळीपाळीने येणारे गट पाडावे लागतातच, पण ते हजेरी क्रमांकाने पाडू नका, घराप्रमाणे पाडा. एका घरातली भावंडं एकाच दिवशी आली तर दोन गट एकमेकांत मिसळत नाहीत, आणि मोठी ताई धाकट्याला घेऊन येते म्हणून आईची मजुरी बुडत नाही. मास्कचं म्हणाल तर पाच वर्षं आणि त्याखालच्यांना नकोच, बारा वर्षं आणि पुढच्यांना मोठ्यांसारखा, मधल्यांना साथीचा जोर बघून. जास्तीचे धुतलेले कापडी मास्क ऑफिसात ठेवा. पोषण आहार ही सगळ्यात नाजूक वेळ, सगळे एकाच वेळी मास्क काढून बोलत जेवतात, म्हणून व्हरांड्यात किंवा मैदानात, गटागटाने, अंतर ठेवून. पण आहार बंद करू नका, कोरडा तांदूळ-डाळ घरी नेणं आणि दुपारी ताटात गरम खिचडी पडणं यात फार फरक आहे.

आता ते काम जे कुठल्याच आदेशात नीट नसतं. बंद व्हायच्या आधीचा पट घ्या आणि एकेका नावापुढे लिहा, पोर कुठे आहे. फोन करू नका, घरी जा. कोण ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलंय, कोण हॉटेलात कामाला लागलंय, कुणाची सोयरीक जमवतायत. ऊसतोडीला निघायचं दसऱ्याच्या आसपास सुरू होतं तेव्हा त्याआधी जाऊन बोला, हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर त्यात किंवा आजी-आजोबांकडे पोर मागे ठेवता येतं. बालविवाहाचं कळलं तर गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी कळवा, नाहीतर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, तुमचं नाव गुप्त ठेवतात. ज्यांचे आई किंवा वडील गेले त्यांचा बालसंगोपन योजनेचा (अशा मुलांना दरमहा पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचा) अर्ज भरून द्या. कोविडमधे दोघंही गेलेल्या मुलांसाठी राज्याने 5 लाखांची ठेव जाहीर केली होती, पण असलं काही असतं हे घरच्यांना सांगणारं कुणी लागतं. वर्गात सगळ्यांसमोर मात्र कुणाच्या घरचं कोण गेलं हे विचारू नका.

पहिले आठ-दहा दिवस पुस्तक उघडू नका. एकेका पोराला बाजूला घेऊन वाचून घ्या: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, छोटी गोष्ट, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं लागतात. मग इयत्ता विसरून ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट करा, रोज तास-दीड तास. चौथीचं पोरगं बाराखडीच्या गटात बसलं तरी चालेल, फक्त त्या गटाला 'कच्चा' म्हणू नका, रंगांची नावं द्या. प्रथम संस्थेच्या 'असर' या शिक्षण पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतली, दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं 2018 ला 27.3 टक्के होती, 2022 ला 20.5 टक्के राहिली. 2021 ला आपल्याकडे 45 दिवसांचा सेतू अभ्यास आला होता, पण तो इयत्तेप्रमाणे होता आणि लहान वर्गांची शाळाच तेव्हा बंद होती, त्यामुळे ज्यांना खरी गरज त्यांच्यापर्यंत तो कागदावरच पोचला.

शेवटी, केस निघाली तर काय करायचं हे उघडायच्या आधीच ठरवून कागदावर लिहा आणि समितीच्या सह्या घ्या. एका पोराला लक्षणं दिसली तर त्याला उघड्या व्हरांड्यात वेगळं बसवायचं, पालकांना फोन, आशा ताईला फोन, पीएचसीत टेस्ट, आणि तो गट घरी. अख्खी शाळा नाही, तेवढाच गट, आणि तो परत कुठल्या तारखेला येणार ती तारीख त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर टाकायची.