चिंचोक्यांवर शिका रूलेट

कोल्हापुरातनं आजरा-आंबोली करत पणजी गाठायची, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर चढायचं आणि रूलेटच्या टेबलापाशी गेल्यावर विचारायचं, "चिप ठेवायची कुठं?" तिथं कुणी शिकवत बसत नाही. रूलेट म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकात गोळी कुठल्या घरात थांबते यावर चिपा, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, लावायचा खेळ. तासाभरात घरीच शिकता येतं, फक्त पैसे लावू नका. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, कधीच अमलात न आलेला 1976 चा कॅसिनो कायदा 2023 मध्ये रद्द झाला, आणि 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आली. आपल्याला चिंचोके पुरेत, माणशी 100.

कार्डशीटवर तीन उभ्या रांगा आणि बारा आडव्या ओळी आखा. पहिल्या ओळीत 1-2-3, शेवटच्या ओळीत 34-35-36, सगळ्यांच्या वर हिरवा 0. रंग पाठ करायची गरज नाही: 1 ते 10 आणि 19 ते 28 मध्ये विषम आकडे लाल, सम काळे. 11 ते 18 आणि 29 ते 36 मध्ये उलट. चाकाऐवजी 0 ते 36 आकडे लिहिलेल्या 37 चिठ्ठ्या एकसारख्या घड्या घालून डब्यात टाका. काढलेली चिठ्ठी दर डावाला परत डब्यात गेली पाहिजे. नवशिक्यांची पहिली चूक इथंच होते. चिठ्ठी बाहेर राहिली की तो आकडा पुन्हा येऊच शकत नाही आणि सगळं गणित फिरतं.

आता चिंचोका नेमका कुठं टेकतो ते बघा, सगळा खेळ त्यावर आहे. आकड्याच्या मधोमध ठेवला तर एकच आकडा, लागला तर 35 पट आणि ठेवलेला चिंचोका परत. दोन आकड्यांमधल्या रेषेवर 17 पट, चार आकडे मिळतात त्या कोपऱ्यावर 8 पट. ओळीच्या बाहेरच्या कडेवर ठेवला तर तिन्ही आकडे, 11 पट. त्याच कडेवर दोन ओळींच्या सांध्यावर सहा आकडे, 5 पट. अर्ध्या बोटानं सरकला तरी डाव बदलतो. बारा आकड्यांच्या गटाला किंवा उभ्या रांगेला 2 पट. लाल-काळा, सम-विषम, 1-18 आणि 19-36 यांना बरोबरीचे, म्हणजे 1 पट.

कागदावरचे शेजारी चाकावर शेजारी नसतात, हेही ध्यानात असू द्या. एका शून्याच्या चाकावर 1 च्या बाजूला 20 आणि 33 असतात.

मग एक प्रयोग करा. 0 धरून 37 ही घरांत एकेक चिंचोका ठेवा आणि चिठ्ठी काढा. कुठलाही आकडा येवो, हातात 36 च परत येतात. हा गेलेला एक चिंचोका म्हणजे कॅसिनोची कमाई, 2.70 टक्के. 0 आणि 00 अशा दोन शून्यांच्या चाकावर घरं 38 आणि पैसे तेवढेच, म्हणून तोटा 5.26 टक्के. त्या चाकावर 0-00-1-2-3 हा पाच आकड्यांचा डाव तर लावूच नका, तो 7.89 टक्के खातो. टेबल निवडताना आधी हिरवी घरं मोजा.

"हरलो की दुप्पट लावायचं, कधीतरी लागतंयच की!" हे कट्ट्यावर हमखास ऐकू येतं. 5 चिंचोक्यांपासून सुरू करा: 5, 10, 20, 40, 80, 160. सहा वेळा हरलात की 315 गेले, सातव्याला 320 लागतात आणि तेही जिंकले तरी नफा फक्त 5. शिवाय टेबलाला कमाल मर्यादा असते. मोनॅकोतल्या माँटे कार्लो कॅसिनोत 18 ऑगस्ट 1913 ला काळा सलग 26 वेळा आला होता. लाल "यायचाच" म्हणून लोक लावत गेले आणि बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नाही.

गोव्यात वय 21 पूर्ण लागतं. नोटा डीलरच्या, म्हणजे टेबल चालवणाऱ्याच्या, हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. "नो मोअर बेट्स" ऐकलं की हात मागे. जिंकलेल्या आकड्यावर डीलर खूण ठेवतो, ती उचलेपर्यंत चिपला बोट लावायचं नाही. प्रत्येकाला मिळणाऱ्या रंगीत चिपा त्याच टेबलाच्या असतात, दुसरीकडं चालत नाहीत. उठण्याआधी तिथंच बदलून घ्या.