ऊस भरला, आता निघायच्या आधी ट्रॉलीची ब्रेक लाईट एकट्यानं कशी बघायची

टोळ्या फडात उतरल्या, आता मार्चपर्यंत शिरोळ-हातकणंगलेपासून राधानगरीपर्यंत रस्त्यानं उसाच्याच ट्रॉल्या. दिवसभर तोड, भरणी होईस्तोवर सांज, कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावायला निघायचं अंधारातच, आणि डिसेंबर-जानेवारीत पंचगंगेकाठी पहाटे धुकं पडलं की मागच्याला आपण दिसतो ते फक्त त्या दोन लाल दिव्यांनी. मागच्या हंगामात माझ्या दुसऱ्या ट्रॉलीच्या मागं एक मोटरसायकलवाला हातभर अंतरावर येऊन कसाबसा थांबला, उतरून बघतोय तर ब्रेक लाईट बंद, आणि सकाळी रिकाम्या ट्रॉलीवर मी स्वतः चेक केलेली. म्हणून सांगतोय, भरल्यावरच बघा, फडातनं बाहेर पडून रस्त्याला लागायच्या आधी, कारण फडातच वायर बुडख्यात अडकून तुटते, सॉकेटमध्ये चिखल बसतो, नाहीतर लोंबणारा ऊस दिव्यावर येतो.

सोबत कुणी नसलं तरी चालतं. सपाट जागेला ट्रॅक्टर लावा, चाकांना पुढं-मागं दगड लावा. इंजिन बंद पण चावी ऑन, बऱ्याच ट्रॅक्टरला चावी ऑन असल्याशिवाय ब्रेक लाईट लागतच नाही. दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडणारी पट्टी लावलेली पाहिजे, रस्त्यावर ती तशीही लावलीच पाहिजे, आणि काही ट्रॅक्टरला लाईटचा स्विच एकाच पेडलला असतोय, मग दुसरं दाबून काय उपयोग नाही. बऱ्याच ट्रॅक्टरला पेडल दाबून पार्किंग ब्रेक ओढला की पेडल खालीच अडकून राहतं, बस्स, मग उतरून निवांत मागं जाऊन बघा. ट्रक असला तर सीट आणि पेडलच्या मधी मापाची काठी अडकवायची, पण आधी हवा भरू द्या, एअर ब्रेकला प्रेशर नसलं तर लाईट लागत नाही आणि आपण उगंच बल्ब बदलत बसतो. काठी काढल्याशिवाय गाडी हलवू नका.

काठी नको असंल तर मोबाईल मागं आठ-दहा फुटावर दगडाला टेकवून व्हिडिओ चालू करा, वर बसून मोठ्यानं "ब्रेक", "डावा", "उजवा" म्हणत एकेक दाबा, मग बघा.

आधी टेल लाईट (रात्री मागं सतत चालू राहतो तो लाल दिवा) बंद ठेवून ब्रेक बघायचा, मग टेल चालू करून. दुसऱ्या वेळी लाल उजेड ठळक वाढला पाहिजे. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, टेलची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची, बल्बच्या पिना वरखाली असतात त्या यासाठीच, घासून उलटा बसवला तर टेलच्या जागी ब्रेक लागतो. आणि ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टवर मिणमिणतो, तो लावू नका.

ब्रेक दाबल्यावर टेल मंद झाली किंवा इंडिकेटर पण लुकलुकायला लागला तर बल्ब नाही, अर्थिंग बघा, म्हणजे दिव्यातनं करंट बॅटरीकडं परत जायची वाट. हूकच्या पिनेवर अर्थिंगचा भरवसा ठेवायचा नाही, गंज आणि ग्रीस असतंय तिथं. ट्रॉलीच्या चेसीवरचा रंग खरवडून बोल्टखाली वेगळी वायर घ्या आणि ती थेट प्लगपर्यंत आणा. सात पिनच्या सॉकेटवर नंबर कोरलेले असतात, बहुतेक वेळा ३ अर्थ आणि ६ ब्रेक, पण गावाकडं वायरिंग ज्यानं त्यानं आपापल्या परीनं केलेलं असतंय तेव्हा टेस्ट लॅम्प (करंट येतोय का बघायचा वायरवाला छोटा बल्ब) लावून खात्री करा. पहिल्या ट्रॉलीला लाईट आहे, दुसरीला नाही, तर मधला प्लग आधी धरा. दुसरी नुसती मंद असली तर वायर बारीक आहे, जाड टाका.

ऊस दिव्यावर लोंबतोय तर तो कोयत्यानं छाटून घ्या, आळस नको. लाल रिफ्लेक्टर दिव्याच्या बाजूला असू दे, दिवा वाटेत गेला तर तेवढाच आधार.

पेटीत दोन बल्ब आणि बरोबर अँपिअरचे फ्यूज ठेवा, फ्यूजच्या जागी तार बिलकुल नको, वायर पेटते आणि वरती वाळकं पाचट असतं. कारखान्यात ट्रॉली सोडताना आधी प्लग काढा आणि वायर दांडीला बांधा, लोंबती राहिली की रस्त्यावर घासत जाते आणि दुसऱ्या खेपेला परत तेच काम.