फुकट लिहिणाऱ्याला दाद कशी पोचवावी

निफाडकडचे एक दादा नेटवर द्राक्षबागेच्या नोंदी लिहितात. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत आपल्या बागेत काय दिसलं, काय फवारलं, काय चुकलं, सगळं फोटोसकट. कुणाकडून पैसे घेत नाहीत, कुठल्या कंपनीचं औषध खपवत नाहीत. आमची नाशिकजवळ मखमलाबादला दोन एकर थॉम्पसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. डावणी आणि भुरी या द्राक्षावरच्या दोन बुरशीरोगांतला फरक पानावर बोट ठेवून ओळखायला मी त्यांच्या नोंदींवरून शिकले. तरी तीन हंगाम त्यांना मी एका शब्दाने काही कळवलं नव्हतं. वाचायचं, अंगठा द्यायचा, बागेत जायचं.

मग 26 नोव्हेंबर 2023 चा अवकाळी आला. निफाडच्या पट्ट्यात गारांनी बागा झोडपल्या. आमच्याकडे गारा लागल्या नाहीत, पण घड पाण्याने भरले. छाटणी 4 ऑक्टोबरची, म्हणजे बाग त्रेपन्न दिवसांची. दादांची एक जुनी नोंद आठवली: पाऊस उघडला की ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचा फवारणीचा पंखा, टाकी न भरता नुसत्या हवेवर फिरवावा, घडात अडकलेलं पाणी झटकलं जातं. दुसऱ्या दिवशी उजाडताच आमच्या ह्यांनी ट्रॅक्टर काढला. डिझेल संपलं तेव्हा पूर्वेच्या नऊ ओळी राहिल्या होत्या. आठवडाभरात त्या नऊ ओळींत कूज किती जास्त आहे ते डोळ्यांना दिसायला लागलं.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा लिहिलं. असं लिहिलं होतं:

“दादा, मखमलाबाद, थॉम्पसन, छाटणी 4 ऑक्टोबर, जमीन काळी भारी. पावसानंतर तुमच्या नोंदीप्रमाणे ब्लोअर हवेवर फिरवला. नऊ ओळी राहिल्या. आठव्या दिवशी मोजलं. फिरवलेल्या ओळींत वीस वेलींमागे तीन-चार घड कुजलेले, राहिलेल्या ओळींत पंधरा-सोळा. तुमच्यामुळे बाग वाचली.”

तासाभरात उलटा प्रश्न आला: “ताई, ओळी उत्तर-दक्षिण आहेत का? राहिलेल्या ओळींना सकाळचं ऊन उशिरा लागतं का?” लागतं, कारण पलीकडे शेवग्याची रांग आहे. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दोन दिवसांनी ती जुनी नोंद त्यांनी सुधारून टाकली, आमच्या नऊ ओळींसकट.

म्हणून ज्यांना कुणाच्या लिखाणाचा उपयोग झालाय, त्यांना माझं पहिलं सांगणं हेच. “छान माहिती” लिहू नका. कुठली ओळ वापरली, कुठे, केव्हा, आणि पुढे काय झालं ते लिहा. पाककृती असेल तर पीठ किती घेतलं आणि भाकरी फुगली का ते सांगा. गडावरच्या वाटेबद्दल असेल तर पाणी अजून आहे का ते सांगा. चार ओळी पुरतात. लिहिणारा माणूस रात्री जेवणं झाल्यावर एकटा बसून लिहितो. आपलं लिहिलेलं कुणाच्या बांधापर्यंत गेलं हे त्याला एरवी कळायचा मार्गच नसतो.

उपयोग झाला नाही तरी कळवा. मला हे कळवणं जास्त मोलाचं वाटतं, कारण ते कुणीच कळवत नाही. फक्त सूर तक्रारीचा नको. “तुमच्याकडे चाललं, आमच्याकडे नाही चाललं, आमची जमीन अशी आहे” एवढं लिहिलं की त्यांना धागा मिळतो.

दुसरी गोष्ट नावाची, आणि इथे मला राग येतो. दादांची भुरीवरची अख्खी नोंद एका दुकानाने नाव गाळून आपल्या पत्रकावर छापली होती. आपल्या ग्रुपवरही हेच चालतं: मजकूर उचलायचा, शेवटचं नाव पुसायचं, पुढे ढकलायचं. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याच्या कलम 57 प्रमाणे आपण लेखक आहोत हे सांगण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो, बाकीचे हक्क त्याने विकले तरीही. कायदा बाजूला ठेवा, पण लिहिणाऱ्याची कमाई म्हणजे ते नावच असतं. मी असं करते: आधी लिंक पाठवते, सोबत एक ओळ, “काळ्या जमिनीवाल्यांनी तिसरा परिच्छेद वाचा.” नुसती लिंक कुणी उघडत नाही, अशी ओळ असली की उघडतात. मजकूरच पाठवावा लागला तर लेखकाचं नाव पहिल्या ओळीत घालते, कारण शेवटचं नाव पहिल्यांदा गळतं. फोटो हवा असेल तर विचारून घ्यायचा. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

चूक दिसली तर चारचौघांत नाही, खाजगीत सांगा, पण त्याच दिवशी सांगा. एकदा एका औषधाचं एकरी प्रमाण दादांच्या हातून लिटरला म्हणून पडलं होतं. मी फोन केला, त्यांनी लगेच दुरुस्त केलं. मग जिथे जिथे मी ती नोंद पाठवली होती तिथे दुरुस्ती पाठवायचं काम माझं.

प्रश्न विचारायचा तर आधी जुन्या नोंदी चाळा. रात्री अकराला “ताबडतोब सांगा” म्हणून फोन करू नका. त्यांचीही बाग असते, घर असतं.

आमच्या सासूबाईंना मोबाइलवरचं वाचता येत नाही. दुपारी थिनिंगला बायका बसतात तेव्हा मी नोंद मोठ्याने वाचते आणि त्यांचं म्हणणं दादांना पाठवते. मणी विरळ करताना कात्री कशी धरावी यावर सासूबाईंनी जे सांगितलं, ते त्यांनी “मखमलाबादच्या आजींचं” म्हणून छापलं. सासूबाईंनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं.

27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, नाशिकच्या प्रत्येक ग्रुपवर मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांचा पूर येतो. तेव्हा आमच्याकडे काढणी चालू असते, तरी दोन वर्षं मी त्या दिवशी शुभेच्छा पुढे पाठवत नाही. नेटवर मराठीत लिहिणाऱ्या एका माणसाला पत्र लिहिते. शक्यतो असा माणूस निवडते ज्याने बरेच महिने काही लिहिलेलं नाही. “तुमची अमुक नोंद मी अजून वापरते” एवढंच. गेल्या खेपेला रानभाज्यांवर लिहिणाऱ्या एका बाईंना लिहिलं, आणि पंधरा दिवसांनी त्यांची टाकळ्यावरची नवी नोंद आली.

यंदा छाटणी झाली की त्याच दिवशी दादांना तारीख आणि ओळींची दिशा कळवून ठेवणार आहे. शेवग्याच्या खालच्या तीन फांद्या आम्ही उतरवल्या आहेत, तेही.