रिविजन करताय ना, मग आधी पुस्तक बंद करा

आपल्याकडे बऱ्याच जणांची रिविजन म्हणजे काय, तर हायलाइटर फासलेल्या नोट्स परत परत वाचायच्या, तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं म्हणून आपण खूश, आणि पेपरात नेमकं तेच आठवत नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर हे करून बघितलं होतं, पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर नुसतं वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे.

मग करायचं काय, तर टॉपिक झाला की पुस्तक मिटा आणि रफ वही घ्या. एमपीएससीवाल्यांचा नेहमीचा घोळ घ्या, ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती. दोन रकाने पाडा आणि आठवेल ते लिहा. एकीकडे पंचायती, अकरावी अनुसूची, २९ विषय, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, दुसरीकडे नगरपालिका, बारावी अनुसूची, १८ विषय, १ जून १९९३. अडलं तिथे जागा सोडा पण लगेच पुस्तकाकडे हात नको, मिनिटभर डोकं खाजवा, खरं काम तिथेच होतं. मग उघडून बघा आणि राहिलेलं लाल पेनाने भरा. पुढच्या वेळी सुरुवात त्या लालपासून, येतंय तेच परत घोकण्यात उगाच वेळ जातो (आणि छान वाटतं, हाच तर प्रॉब्लेम).

दुसरं म्हणजे गॅप. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि नंतर तो वेग कमी होतो, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. आकडे काही दगडावरची रेघ नाही, परीक्षा लांब असेल तर गॅप वाढवा. चिठ्ठ्या करायच्या (पुढे प्रश्न, मागे उत्तर) तर चपलांचे दोन-तीन खोके पुरतात, उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्या, आणि पहिला खोका रोज काढायचा. मोबाइलवर अँकी नावाचं अ‍ॅप साधारण हेच करतं.

गणितात मात्र एकाच प्रकारची वीस उदाहरणं सलग सोडवू नका, काळ-काम-वेग, नफा-तोटा, सरासरी सगळं मिसळा, पेपरात कोणी वर चॅप्टरचं नाव लिहून देत नाही.

आणि लोकलचा वेळ. सकाळी डोंबिवलीहून दादरला येताना पुस्तक उघडायला जागा नसते, हात वर काढता आला तरी नशीब, पण आठवायला जागा कुठे लागते? स्लो पकडली असेल तर कोपर ते ठाणे बारावी अनुसूचीतले विषय मनात मोजत या, किती सापडले ते लक्षात ठेवा, आणि दादरला उतरलात की बाजूला होऊन मोबाइलमधल्या नोट्सच्या फोटोवरून ताडून बघा, ब्रिजवर चढताना नको.